नाशिकमध्ये बालवाडीची टीचर व्हायचंय? जॉईन होण्याआधी आणि झाल्यावर काय काय करायचं, सगळं सविस्तर

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की इंदिरानगर, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, गंगापूर रोड सगळीकडे नवीन प्रीस्कूलचे फ्लेक्स लागतात आणि त्यांच्या मागोमाग "टीचर पाहिजेत" चे मेसेज ग्रुपवर फिरायला लागतात. मग नात्यातल्या, ओळखीतल्या मुली विचारतात, ताई मला लहान मुलं फार आवडतात, मी जॉईन होऊ का. व्हा, नक्की व्हा, चांगल्या टीचर कुठेच पुरत नाहीयेत. पण मुलं आवडणं वेगळं आणि वीस मुलं रोज तीन-चार तास सांभाळून शिकवणं वेगळं, आणि ते शिकवणं म्हणजे नक्की काय हेच बऱ्याच जणींना कुणी सांगितलेलं नसतं. मी आधी सिडकोत आणि आता नाशिकरोडला हेच काम करतेय, आणि माझं ठाम मत असं आहे की तीन ते सहाच्या मुलाला शाळेत सगळ्यात जास्त काय लागतं तर त्याच्याशी बोलणारं आणि त्याचं पूर्ण ऐकून घेणारं मोठं माणूस. एबीसीडी, आकडे, रंग, आकार हे सगळं त्याच्या मागून येतं. खाली जे लिहिलंय ते सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

आधी ठरवा, कुठे काम करायचं

तीन जागा असतात. एक अंगणवाडी, म्हणजे सरकारी. एकात्मिक बाल विकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्यातली ही अंगणवाडी. सेविकेसाठी आता बारावी पास लागतं आणि बाई त्याच गावातली किंवा त्याच भागातली रहिवासी असावी लागते. काम फक्त शिकवण्याचं नसतं, पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाला मदत, गरोदर मातांच्या भेटी, मोबाईलवर नोंदी, सगळं तुमच्याकडेच, आणि मिळतं ते मानधन. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर बाजूच्या पाड्यांवर हे काम करणाऱ्या सेविका पाहिल्या की कळतं की बालशिक्षण म्हणजे केवढा मोठा पसारा आहे.

दुसरी जागा म्हणजे सोसायटीतली, बंगल्यातली खासगी प्रीस्कूल, आणि तिसरी म्हणजे मोठ्या शाळेचा बालवर्ग किंवा केजी विभाग. मोठ्या शाळेत पगार आणि सुट्ट्यांची शिस्त त्यातल्या त्यात बरी असते पण वर्गात मुलं जास्त असतात. छोट्या प्रीस्कूलला मुलं कमी, मोकळीक जास्त, पण चालवणारी व्यक्ती कशी आहे यावर सगळं अवलंबून.

कोर्सचं म्हणाल तर करावाच. इग्नूचा बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा डिप्लोमा बारावीनंतर घरबसल्या होतो, कमीत कमी एक वर्षाचा आहे, प्रोजेक्ट मुलांबरोबर करावा लागतो म्हणून मला तो आवडतो. आपल्याकडे गोवर्धनला, गंगापूर धरणाजवळ, मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयच आहे, तिथेही चौकशी करून ठेवा. माँटेसरीचे कोर्सही असतात. गल्लीतल्या क्लासला पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारा, सर्टिफिकेट कोण देतं आणि मुलांच्या वर्गात किती तास प्रत्यक्ष बसवणार. वर्गात बसवणारच नसतील तर ते पैसे वाचवा, त्यापेक्षा एखाद्या चांगल्या शाळेत दोन महिने मदतनीस म्हणून गेलेलं परवडलं.

इंटरव्ह्यूला गेलात की तुम्ही पण शाळेचा इंटरव्ह्यू घ्या

भिंतीवरची कार्टून बघू नका, बाथरूम बघा. कमोड-बेसिन मुलांच्या उंचीचं आहे का, फरशी घसरडी आहे का, मावशी किती आहेत. गेटला कडी कुठे आहे, मुलाचा हात पोचतो का. जिन्याला, गच्चीला जाळी आहे का. वरच्या मजल्यावर वर्ग असेल तर खिडक्यांना ग्रिल आहे का.

मग विचारा एका वर्गात मुलं किती. २०१३ च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीनच्या आतल्या १० मुलांमागे एक असं सांगितलंय. "पस्तीस आहेत पण मावशी आहे ना" असं उत्तर आलं तर समजून घ्या की तिथे तुमचा दिवस गप्प बसवण्यातच जाणार, बोलणं-ऐकणं राहूनच जाईल.

पैशाचं लाजू नका. अपॉइंटमेंट लेटर मिळणार का, मे महिन्याचा पगार मिळतो का, ॲडमिशनसाठी घरोघरी पाठवतात का, शाळा सुटल्यावर किती वेळ थांबायचं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ लागू होतो, दहा किंवा जास्त असतील तर बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे असते, हे माहीत असू द्या. आणि ओरिजिनल मार्कशीट, सर्टिफिकेट कुणाकडेही ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या, दाखवून परत घ्या.

डेमो लेसन सांगतात तेव्हा बहुतेक जणी चार्ट घेऊन जातात आणि ए फॉर ॲपल म्हणवून घेतात. तुम्ही मेथीची जुडी घेऊन जा. खरंच सांगते. चादर पसरा, मुलांना गोल बसवा, जुडी मध्ये ठेवा आणि थोडा वेळ काहीच बोलू नका. कुणीतरी म्हणतंच, हे काय आहे. दुसरं म्हणतं, भाजी. तिसरं म्हणतं, माझी आजी करते. तिथे थांबा, "आजी कशी करते?" विचारा. "कढईत करते." "मग कढईत आधी काय टाकते?" "तेल... आणि चर्रर्र होतं." सगळी मुलं चर्रर्र करायला लागतात. मग एकेकाला एक काडी द्या, वास घ्यायला सांगा, पानं खुडायला सांगा. कुणी पान चावून बघतं आणि तोंड वाकडं करतं, "कडू!" तो शब्द त्या मुलाला जन्मभर कुणी परत शिकवायची गरज नाही. शेवटी पानं एका टोपलीत, काड्या दुसऱ्या टोपलीत. वीस मिनिटांत बोलणं झालं, नवीन शब्द झाले, वर्गीकरण झालं, बोटांचा व्यायाम झाला. हे बघून समजणारी हेड मिस असेल तर ती शाळा तुमच्यासाठी चांगली.

जूनच्या आधी

मुलांची यादी हातात आली की आधी जन्मतारखा बघा. आपल्याकडे वय ३१ डिसेंबरला मोजतात, नर्सरीला तेव्हा तीन पूर्ण लागतात आणि पहिलीला सहा. म्हणजे जूनमध्ये तुमच्या नर्सरीत एक मूल साडेतीनचं असतं आणि डिसेंबरमधलं एक जेमतेम अडीच वर्षांचं. या वयात एक वर्षाचा फरक म्हणजे फार झाला, बोलण्यात, चालण्यात, सुसू सांगण्यात, सगळ्यात. डिसेंबरवाल्या मुलाला "हा मागे आहे" असं लेबल लावायच्या आधी त्याची तारीख बघायची सवय लावून घ्या, आणि पालकांनाही दाखवा.

प्रत्येक मुलाचं एक पान करा. घरी काय म्हणून हाक मारतात, घरात कोणती भाषा, कोण आणायला-सोडायला येणार, कशाची ॲलर्जी, कधी फिट आलीय का, झोपताना कशाला धरून झोपतो, सुसूला काय म्हणतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं, प्रत्येक घराचा शब्द वेगळा असतो आणि पहिल्या आठवड्यात तो माहीत नसला की पॅन्ट ओली झालीच.

खेळण्यांचा सेट महाग घेतला म्हणजे वर्ग चांगला असं काही नाही. बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ ला नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा शिंपले, बिया, पानं, काड्या, दगड हेच साहित्य होतं, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आज तुमच्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहे. रिकामे डबे, झाकणं, कापडाचे तुकडे, चिंचोके (फक्त मोठ्या गटासाठी आणि डोळ्यासमोर, लहान मुलं नाकात घालतात), कपड्यांचे चिमटे, जुने फोन, आजीची पर्स, एक-दोन ओढण्या. ओढणी हे माझ्या वर्गातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साहित्य आहे, ती साडी होते, नदी होते, बाळाचा झोका होते, दुकानाचा पडदा होते.

पहिले पंधरा दिवस, रडणं

जूनच्या मध्यात शाळा सुरू होते, बाहेर पाऊस, रेनकोट, चिखल, आणि आत वीस मुलं एका सुरात रडतायत. घाबरू नका. रडणारं मूल बरोबरच वागतंय, त्याला अनोळखी ठिकाणी सोडून आई गेलीय.

शाळेला सांगून पहिल्या आठवड्यात निम्मी-निम्मी मुलं बोलवा आणि वेळ एक तासच ठेवा, मग हळूहळू वाढवा. आईला चोरून पळून जायला सांगू नका, तिने मुलाला सांगून जायचं, "मी घरी जाते, डबा खाऊन झाला की घ्यायला येते." आणि त्या वेळेला खरंच यायचं, पाच मिनिटं आधीच यायचं. दाराशी उभं राहून खिडकीतून डोकावणं बंद, त्याने सगळ्यांचंच रडणं परत सुरू होतं.

"रडू नको, शहाणा ना तू, बघ ती कशी रडत नाही" हे वाक्य डोक्यातून काढून टाका. त्याऐवजी जे दिसतंय ते बोला. "आई गेली ना. तुला आई हवीय. मला माहितीय. आई कधी येणार? डबा खाल्ला की येणार. तोपर्यंत मी इथेच आहे." हेच परत परत, हळू आवाजात. काही मुलांना मांडीवर घेतलेलं चालतं, काहींना हात लावलेलाही चालत नाही, त्यांच्या शेजारी नुसतं बसायचं. आईचा रुमाल, घरची छोटी गाडी जवळ ठेवू द्या. वाळू, पाणी, कणिक समोर ठेवा, रडता रडता हात त्यात जातो आणि रडणं आपोआप कमी होतं.

चॉकलेट आणि मोबाईलवरची गाणी, ही दोन्ही पटकन चालतात म्हणून सगळे वापरतात. मी दोन्हीला नाही म्हणते, कारण मग मूल तुमच्याशी जोडलं जात नाही, स्क्रीनशी जोडलं जातं, आणि जुलैमध्ये तो मोबाईल बंद करायला तुमच्यात हिंमत राहत नाही.

रोजचा दिवस

आल्यावर मोकळा खेळ, मग गोल, मग एक नीट आखलेली ॲक्टिव्हिटी, हात धुणं, डबा, मैदान, गोष्ट, घर. क्रम रोज तोच ठेवा. मुलांना घड्याळ कळत नाही पण "डब्यानंतर मैदान, मैदानानंतर गोष्ट, गोष्टीनंतर आई" हे बरोबर कळतं आणि त्यानेच ती शांत होतात. चार चित्रं काढून भिंतीला लावा, एकेक झालं की चिमटा पुढे सरकवायला एका मुलाला सांगा.

गोलात बसल्यावर बहुतेक टीचर प्रश्न विचारतात ते असे, हा रंग कोणता, आज वार कोणता, हे कोण आहे. त्याचं उत्तर एका शब्दात संपतं आणि तेच तीन हुशार देतात. त्याऐवजी असं विचारा ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. येताना रस्त्यात काय दिसलं? काल रात्री पाऊस आला तेव्हा तुमच्या घरी काय झालं? आणि विचारल्यावर थांबा. मनात पाचपर्यंत मोजा, कारण लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि आपण मध्येच उत्तर देऊन टाकतो. एखादं मूल "गाडी... पाणी... उडालं" एवढंच म्हणालं तर त्याचंच वाक्य मोठं करून परत द्या, "हो का, गाडी जोरात गेली आणि पाणी तुझ्या अंगावर उडालं?" तो मान हलवतो आणि पुढचं सांगतो, "पप्पा ओले!" बास, हाच भाषेचा तास.

गोष्ट रोज एक, आणि तीच गोष्ट आठवडाभर. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही, चौथ्या दिवशी ती स्वतः सांगायला लागतात. तेव्हा तुम्ही गप्प बसा.

घरची भाषा

नाशिकमध्ये एका वर्गात किती भाषा असतात हे मोजून बघा. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत काम करणाऱ्या बिहार-यूपीच्या कुटुंबांची हिंदी, मालेगाव-सटाणा-कळवणकडून आलेल्यांची अहिराणी, कुणाची कोकणा ही आदिवासी बोली, कुणाची गुजराती, आणि शाळेच्या बोर्डवर इंग्लिश मीडियम. मूल "माले भूक लागनी" म्हणालं की काही जणी हसतात नाहीतर म्हणतात "नीट बोल". त्यानंतर ते मूल आठवडाभर तोंड उघडत नाही. तुम्ही फक्त म्हणा, "भूक लागली? चल, डबा काढूया." त्याला कळतं की माझं बोलणं पोचलं, आणि नवीन वाक्यही कानावर पडतं.

आपलं एकही वाक्य धड न बोलणाऱ्या मुलाकडून इंग्लिशमध्ये "मे आय गो टू वॉशरूम" घोकून घेण्यात काय अर्थ आहे, तोपर्यंत पॅन्ट ओली झालेली असते. इंग्लिश शिकवा, गाण्यांतून, खेळातून, छान शिकतात. पण जे महत्त्वाचं आहे, रडणं, भीती, भांडण, दुखणं, ते त्याच्या भाषेतच होऊ द्या. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा पण हेच सांगतो, आठ वर्षांपर्यंत शिकण्याची मुख्य भाषा शक्यतो घरची भाषा असावी. पालकांना हे कागदावर दाखवता आलं की वाद कमी होतो.

"लिहायला कधी लावणार?"

हा प्रश्न पहिल्या पालकसभेला येणारच. शेजारच्या शाळेत नर्सरीतच शंभरपर्यंत लिहितात, तुम्ही नुसतं खेळवता. उत्तर तयार ठेवा आणि ठामपणे द्या.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची सगळी हाडं अजून तयारच झालेली नसतात, बरीचशी कूर्चा असते. खांदा, कोपर, मनगट, मग बोटं, या क्रमाने ताकद येते. त्याला पेन्सिल देऊन दोन रेघांत अक्षर काढायला लावलं तर तो पेन्सिल मुठीत धरतो, दाबून लिहितो, हात दुखतो, आणि लिहिणं म्हणजे त्रास हे डोक्यात बसतं. त्याऐवजी मैदानात लटकू दे, चढू दे. बादलीत स्पंज बुडवून पिळायला द्या. मोठा ब्रश आणि नुसतं पाणी घेऊन भिंत रंगवायला द्या. कणिक मळणं, कागद फाडणं, चिमटे लावणं, मोठे मणी ओवणं, फरशीवर खडूने गिरगोट्या. गिरगोट्यांकडे नीट बघा, आधी नुसते फटकारे, मग गोल, मग गोलाला हातपाय फुटतात आणि मूल सांगतं ही मम्मी. मूल सांगेल ते तुम्ही त्या चित्राखाली त्याच्याच शब्दांत, त्याच्यासमोर लिहा. आपलं बोललेलं कागदावर उतरतं हे त्याला कळणं, ही लिहिण्याची खरी सुरुवात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. म्हणजे लिहायला अजून भरपूर वेळ आहे, घाई फक्त मोठ्यांना आहे. सिनियर केजीला, हात तयार झाल्यावर, अक्षरं येतात आणि पटापट येतात.

तरी शाळेने वर्कशीटची सक्ती केलीच तर भांडण लगेच नको. वर्कशीट आधी फरशीवर मोठी काढून त्यावर चालवा, मग बोटाने वाळूत, मग शेवटी कागदावर, आणि एका दिवसात एकच.

डबा आणि दुखणी

जानेवारी ते मार्च नाशिकमध्ये प्रत्येक डब्यात द्राक्षं असतात आणि अख्खं द्राक्ष हे लहान मुलाच्या श्वासनलिकेत बरोबर अडकेल असं फळ आहे. चार वर्षांच्या खालच्या मुलांच्या डब्यात द्राक्षं उभी चार तुकडे करूनच यायला हवीत, ही सूचना डिसेंबरमध्येच डायरीत द्या. शेंगदाणे, फुटाणे, कडक गोळ्या, पॉपकॉर्न पण नकोत. डबा खाताना सगळे बसलेले, पळापळ नाही, हसवाहसवी नाही, आणि तुम्ही त्यांच्यासमोर, फोन बाजूला.

तरी अडकलंच तर, मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघत नसेल, खोकता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, नाही निघालं तर मागून बेंबीच्या वर मूठ धरून आत आणि वर असे पाच धक्के, परत थापा, परत धक्के, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन. तोंडात अंदाजाने बोट घालू नका. हे वाचून येत नाही, शाळेला सांगून प्रथमोपचाराचं ट्रेनिंग घ्याच, मावशींना पण बसवा.

तापात फिट आली तर मुलाला कुशीवर झोपवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, वेळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली की १०८. थांबली तरी डॉक्टरकडे नेणं आहेच.

सकाळी औषध पाजून पाठवलेलं मूल अकरा वाजता तापाने फणफणतं. पालकांची अडचण खरी असते, कंपनीत सुट्टी मिळत नाही, घरी कुणी नसतं, म्हणून रागावून बोलू नका, पण ताप उतरून पूर्ण एक दिवस झाल्याशिवाय पाठवायचं नाही हा नियम सगळ्यांना सारखा. पावसाळ्यात तळहात, पाय, तोंडात फोड दिसले की लगेच घरी कळवा, ते एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने पसरतं. लेखी चिठ्ठीशिवाय कुठलंही औषध पाजायचं नाही.

सुरक्षितता, इथे कसलीही तडजोड नाही

मूल कुणाच्या हातात द्यायचं ती यादी दाराजवळ. नवीन माणूस आला, "मी काका आहे" म्हणाला, मूल त्याला ओळखतंय, तरीही आईला फोन झाल्याशिवाय सोडायचं नाही. काका रागावले तर रागावू द्या. व्हॅनमध्ये किती मुलं चढली ते रोज मोजून लिहा.

बाथरूमला मदत बाईनेच करायची, आणि दार पूर्ण बंद नाही. कपडे बदलले तर डायरीत लिहायचं, का आणि कुणी. अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं, "मी पुसून देऊ का?" रोज विचारल्याने मुलाला कळतं की आपल्या अंगाला हात लावताना विचारायचं असतं. मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकू नका, कितीही गोड असले तरी.

एखादं मूल अचानक एखाद्या व्यक्तीला घाबरायला लागलं, बाथरूमला जायला नकार देतंय, अंगावर खुणा आहेत, किंवा काही बोललं, तर त्याचं शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, त्याचे शब्द आहेत तसे लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे, "शाळेचं नाव खराब होईल" हे कारण चालत नाही. चाइल्ड हेल्पलाईन १०९८. आणि हे पण सांगते, मुलाला मारणं, कोंडणं, घाबरवणं यासाठी बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली शिक्षा आहे. "हलकीशी चापटी" असं काही नसतं.

चावणं, मारणं, ढकलणं

होतंच. शब्द कमी असलेलं मूल दाताने बोलतं. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जा, धुवा, बर्फ लावा. मग चावणाऱ्याजवळ खाली बसून, "चावलं की दुखतं. तुला ती गाडी हवी होती. म्हण, 'मला दे'." त्याच्याकडून म्हणवून घ्या. सॉरी घोकून घेण्यात वेळ घालवू नका. कधी होतं ते दोन-चार दिवस लिहिलं की सापडतं, बहुतेक वेळा डब्याच्या आधी भुकेने, नाहीतर एकच गाडी आणि चार मुलं असतात म्हणून. गाड्या वाढवा.

पालक

गेटवर घाईत मुलाची तक्रार करू नका, मुलासमोर तर नाहीच. रोज दोन-तीन पालकांना एकेक खरी गोष्ट सांगा, "आज त्याने गोष्टीतलं अस्वल करून दाखवलं." असं महिनाभर केलं की एखाद्या दिवशी काळजीची गोष्ट सांगितली तर ते ऐकून घेतात. शिफ्टवाल्या वडिलांना दुपारी भेटा, आजी-आजोबांना नुसतं नमस्कार करून पाठवू नका, बऱ्याच घरात मूल खरं तर तेच वाढवतायत.

तीन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नाही, नाव घेतलं तरी बघत नाही, बोट दाखवत नाही, असं दिसलं तर महिनाभर नोंदी करा आणि मग आईवडिलांना एकत्र बसवून सांगा. आजाराचं नाव तुम्ही घेऊ नका, ते डॉक्टरचं काम. "मला असं असं दिसलं, आधी कान तपासून घ्या आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा" एवढंच. परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मोफत तपासणी असते, सिव्हिल हॉस्पिटलला चौकशी करायला सांगा. "मुलगा आहे, उशिरा बोलतो" यावर मान हलवून गप्प बसू नका, गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत.

नोंदवही

रोज दोन मुलं ठरवा आणि त्यांच्याबद्दल दोन-दोन ओळी लिहा. "हुशार आहे, गोड आहे" असं नाही, जे दिसलं ते. "आज बटण स्वतः लावलं, तीन वेळा सुटलं, चौथ्यांदा लागलं, मला बोलावून दाखवलं." दहा शाळेच्या दिवसांत वीस मुलं होतात आणि कुणाचं नाव वहीत येतच नाहीये हे पण दिसतं. प्रत्येक वर्गात एक-दोन शांत मुलं अशी असतात की जी त्रास देत नाहीत म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाहीत, त्यांच्यासाठीच ही वही मुख्यतः आहे. ज्याचं नाव आलं नाही त्याच्या शेजारी दुसऱ्या दिवशी डब्याला बसा.

प्रोग्रेस कार्ड याच वहीतून लिहा, ए-बी-सी ग्रेडबरोबर प्रत्येकाचं एक वाक्य तरी असू द्या. आणि एप्रिलमध्ये वर्ग बदलतो तेव्हा पुढच्या टीचरला वही द्या, तिच्याबरोबर अर्धा तास बसा, कोणाला घरी काय म्हणून हाक मारतात, कोण मेथीचा वास आला की पळतं, कोणाला पावसाच्या आवाजाची भीती वाटते, कोण अजून फक्त हिंदीत रडतं, हे सगळं तिला जूनच्या आधी माहीत पाहिजे.